औषधाच्या दुकानापुढे

सुनेनं दार उघडलं. खाटेवर पडलेल्या टेलरमास्तरांनी मान वळवून पाहिलं, तर दारात इस्त्रीवाला.

गावात दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. मास्तर कपडे शिवायचे, तो इस्त्री करायचा. त्याच्या कोळशाची राख मास्तरांच्या कोऱ्या कापडावर उडायची. त्यावरून एकदा जी जुंपली, ती पुढे अबोल्यात मुरली. एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून एकानं मशीन फिरवून घेतलं होतं, दुसऱ्यानं टेबल. वर्षानुवर्षं दोघं पाठीला पाठ लावून काम करत राहिले.

मग एका दुपारी डोंगर खाली आला. बाजारपेठ, शाळा, पूल, सगळं चिखलाखाली गेलं. मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात मुलाकडे आले होते, म्हणून वाचले. इस्त्रीवाला भाचीचं बाळ बघायला याच शहरात आला होता, म्हणून वाचला. त्याची बायको दुकान सांभाळायला मागे राहिली होती.

तेव्हापासून मास्तर इथेच होते. सुरुवातीला येणारे-जाणारे विचारायचे, मास्तर सांगायचे. ऐकणारे हळहळायचे, चहा प्यायचे आणि उठून जायचे. सांगून सांगून शब्दांचा चोथा झाला. हल्ली ते 'हो, गेलं' एवढंच म्हणत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. मुलानं हौसेनं शिलाई मशीन आणून दिलं होतं. सून त्यावर आता वाळलेल्या कपड्यांचा ढीग ठेवायची.

"ये," मास्तर म्हणाले.

त्याच्या बायकोबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं. आपण साधं भेटायलाही गेलो नाही. ते शब्द जुळवेपर्यंत इस्त्रीवाला खुर्चीच्या टोकावर टेकला. ज्याच्या अंगावर कधी चुणी दिसली नाही, त्याचा सदरा चोळामोळा झाला होता.

"एक विचारायला आलोय," तो म्हणाला. "रोज सकाळी डोळे मिटून बाजारपेठेतून फेरी मारतो. चौकातून निघतो, आपल्या दुकानापर्यंत जातो. ही असते तिथे. आज औषधाच्या दुकानापाशीच अडकलो. पुढचं काही दिसेना. पुढे काय होतं रे मास्तर?"

मास्तर हळूहळू उठून बसले. "किल्लीवाला."

इस्त्रीवाल्यानं डोळे मिटले. मग त्यानं मान हलवली. "छे. किल्लीवाला समोर, गिरणीच्या पायरीवर बसायचा. औषधाच्या पुढे सायकलवाला. हां, सायकलवालाच. दारावर टायर टांगलेले असायचे."

मास्तरांनी त्याच्या चुरगळलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "डोकं फिरलंय तुझं. सायकलवाला गिरणीला लागून होता."

"तू जन्मभर मान खाली घालून शिवलंस. तुला काय दिसणार?"

"आणि तुला धुरातून दिसत होतं?"

आवाज चढले. भाजी चिरता चिरता सून बाहेर आली. सासऱ्यांना एवढा आवाज आहे, हे तिला आजच कळत होतं. गिरणीतला तिरसट म्हातारा, न्हाव्याचा तडकलेला आरसा, वकिलाचं चावरं कुत्रं, एकेक जण साक्षीला येत होता. मास्तर हातवारे करत होते. इस्त्रीवाल्यानं जमिनीवर बोटानं रस्ता काढून दाखवला, तो मास्तरांनी पायानं पुसला.

अखेर इस्त्रीवाला उठला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "उद्या येतो. चौकापासून एकेक दुकान दाखवतो तुला."

"ये की. मी कुठे पळून चाललोय?"

तो जिना उतरून गेला. सुनेनं पाणी आणून दिलं. मास्तर ते घटाघटा प्यायले.

"बाबा, त्यांच्या घरात एवढं झालंय. भांडायचं कशाला? खरं कोणाचं होतं?"

"त्याचंच," मास्तर म्हणाले. "टायर म्हणाला, तेव्हाच मला आठवलं. पण मी लगेच हो म्हटलं असतं, तर उद्या तो कशाला आला असता?"