मास्तरांचं गिऱ्हाईक

कालपरवापर्यंत तो माणसांचे प्राण न्यायचा. वयाने लहान, स्वभावाने बिनधास्त. शीळ घालत जायचा, कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवायचा आणि त्याला घेऊन यायचा. मग एक दिवस त्याला माणूस करण्यात आलं. का, ते त्याने विचारलंही नाही.

तो एका शिंप्याच्या दुकानात बटणं लावू लागला. पहिल्यांदा बोटात सुई गेली, तेव्हा रक्ताचा थेंब बघून तो खूश झाला.

"हसतोस काय वेड्यासारखा? चिंधी गुंडाळ," मास्तर ओरडले, आणि त्यांनीच त्याचं बोट बांधलं. जेवताना घास फुंकायलाही त्यांनीच शिकवलं. माणूस असणं त्याला आवडू लागलं होतं.

एका दुपारी मास्तरांनी कात्री खाली ठेवून दाराकडे बघितलं. "या, बसा," ते म्हणाले.

दारात कोणीच नव्हतं. समोरची रिकामी खुर्ची मात्र करकरली.

त्याने झटकन मास्तरांची बाही धरली. हीच भीती, हे त्याला कोणी न सांगता कळलं. "मास्तर, कोट आजच द्यायचाय. उठू नका ना."

"तू काजं पुरी कर, मी आलोच," म्हणत मास्तरांनी चपला घातल्या. "पोरगं गोड आहे रे. तुझ्यासारखंच, सारखं हसतंय. तुला ओळखतो म्हणतंय."

"अजून काय म्हणतंय?"

मास्तर उंबऱ्यापाशी थांबले. त्याच्या पाठीमागे बघत म्हणाले, "विचार की तूच. तुझ्याच खांद्यावर तर हात ठेवलाय त्याने."