मंजुळाबाईंचा कप

"आई, तू समोरच्या आजीला नेमकं काय सांगून आलीस?"

फोनमध्ये संबोधीचा गोंधळलेला चेहरा होता. मंजुळाबाईंनी पोह्यांची कढई गॅसवरून उतरवली. इकडे इंदुरात, परदेशीपुऱ्यातल्या गॅलरीत चांगलं ऊन पडलं होतं. तिकडे हेलसिंकीत लेकीच्या खिडकीमागे अजून अंधार होता.

"मी काय सांगणार? मला तिची भाषा येते का?"

खरंच होतं ते. ऐन जानेवारीत महिनाभर तिथे राहून आल्या, पण त्या शहरात बोलणार कोणाशी? ट्राम माणसांनी भरलेली, तरी चिडीचूप. लिफ्टमध्ये लोक आपापल्या बुटांकडे बघत उभे. इथे भाजीवाल्याला "काय भिया" केल्याशिवाय मंजुळाबाईंचा दिवस सुरू होत नसे! संबोधी ऑफिसातून यायची आणि लॅपटॉपसमोर एकटीच जेवायची. मंजुळाबाईंच्या जिवाला तोच घोर होता. आपण गेल्यावर पोरीचं दार कोण वाजवणार?

समोरच्या दारात एक म्हातारी राहायची, तीही एकटीच. नाव एइला. ऐकायला थेट 'आयला', म्हणून ते मोठ्यानं घ्यायची मंजुळाबाईंना लाज वाटे. इतकी वर्षं शेजारी राहून संबोधी तिच्याशी कधी बोलली नव्हती. मंजुळाबाईंनी सरळ बेल दाबली आणि लवंगवाली सेव पुढे केली. म्हातारीने कॉफी पाजली. मग रोज सकाळी दोघी कप घेऊन खिडकीशी बसायच्या, पडणारा बर्फ बघत. एक शब्द नाही, तरी काय छान वाटायचं!

निघायच्या दिवशी मंजुळाबाई तिचा हात धरून एवढंच म्हणाल्या होत्या, "येते हं." म्हातारीने आपला फोन पुढे केला. फोनने त्याचं भाषांतर केलं. म्हातारी खूश झाली.

हे ऐकून संबोधीने कपाळाला हात लावला.

"येते म्हणालीस?"

"मग? निघताना जाते म्हणतं का कुणी? बाई गं!"

"आई, इथे येते म्हणजे येते! ती रोज तुझा कप मांडून वाट बघते. काल माझंच दार वाजवलं. म्हणाली, आई कुठे राहिली? मग मला आत नेऊन बसवलं. दालचिनीचा पाव खाऊ घातला. मी मफलर घालत नाही म्हणून रागावली पण, यार!"

संबोधी हसत होती. गेल्या महिनाभरात लेक इतकी मोकळी हसलेली मंजुळाबाईंना आठवेना.

"थांब, आत्ता जाऊन सांगते तिला. म्हणते, आमच्यात ती बोलायची पद्धत आहे, आई काही येत नाहीये..."

"खबरदार!" मंजुळाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की खालचा भाजीवाला वर बघायला लागला. "पुढच्या हिवाळ्यात येतेच म्हणावं. आणि तोवर माझा कप थंड होऊ देऊ नकोस, रोज जाऊन तू पी."