धोका दोन

चौकात दोर ताणून ती खेळाला सज्ज झाली, तेवढ्यात कार्डवाला आला. रस्त्यावरच्या कलावंतांची कार्डं छापून तो पोरांना विकायचा. त्याने हातात दिलेल्या तिच्या कार्डावर फोटोखाली गुण होते: तोल नऊ, धोका दोन. "दोनच?" "ताई, तुम्ही कधी डगमगतच नाही. पोरांना त्यात काय मजा? तुमच्या वडिलांचं कार्ड बघा, धोका दहा! नुसती झुंबड उडते." वडील दोरावरून पडूनच गेले होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आज जरा अडखळा, फोटो काढतो." ढोल वाजवणारा भाऊही कुजबुजला, "अगं, थोडं नाटक केलंस तर काय बिघडतं?" "बाबांनी नाटक केलं होतं का रे?" भावाने ढोल वाजवायला घेतला. कार्ड कमरेला खोचून ती चढली, अंगणात फिरावं तशी पलीकडे पोहोचली. टाळ्या तुरळकच पडल्या. उतरून तिने कार्ड कार्डवाल्याच्या अंगावर भिरकावलं. "आता शून्य छाप!"