बारावा डाग

सूर्यावरच्या नव्या डागाचं चुंबकत्व आमच्या दुर्बिणीत चक्क उलटं दिसलं, आधीच्या अकरा डागांच्या नेमकं विरुद्ध दिशेचं. वेधशाळेचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, ध्रुवित प्रकाश पारखायची चकती तुम्ही पुसायला काढलीत आणि उलटी बसवलीत, म्हणून दिशा उलटी दिसतेय. आकडे गुपचूप सुलटे करा, नाहीतर शोधनिबंधातून तुमचं नाव काढतो."

"नमतं घे गं," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली.

मी आकड्यांना हात लावला नाही. साहेबांना सगळ्यांसकट दुर्बिणीपाशी नेलं आणि चकतीच्या स्क्रूंवर टॉर्च मारला. स्क्रूंवर चिकटवलेली कागदी पट्टी जशीच्या तशी होती. तिच्यावर गेल्या वर्षीची तारीख होती आणि खाली साहेबांची ऐसपैस सही.

"ही चकती मी कधी काढलीच नाही, साहेब. बसवलीत तुम्ही, तेव्हापासून ती तशीच आहे. आधीचे अकराही डाग हिच्यातूनच मोजलेत."

साहेब चष्मा पुसायला लागले. "मग तेव्हाच उलटी बसली असेल," ते पुटपुटले.



"असेल ना," मी म्हटलं. "मग हा बारावा राहू दे बाजूला. तुमच्या नावावर छापून आलेले अकरा आधी सुलटे करू."