ओळखीचं वायफाय

नवऱ्याच्या माराला कंटाळून ती लेकीला घेऊन परक्या शहरात राहायला आली. नवा पत्ता तिनं सख्ख्या आईलाही कळू दिला नाही. जिन्यात पाऊल वाजलं तरी अजून ती दाराची कडी पुन्हा तपासायची. त्यात नोकरी घरून करायची, आणि कालपासून वायफायनं नुसता उच्छाद मांडलेला. शेवटी तिनं वायफायवाल्याला बोलावलं.

त्यानं राउटर तपासला, वायर हलवून पाहिली, मग तिचा फोन हातात घेतला आणि हसला.

"ताई, आमच्या लाइनला काही झालेलं नाही. तुमचा फोनच सारखा दुसऱ्या वायफायवर उडी मारतोय."

"पण मी इथं कुणाचा पासवर्ड मागितलेलाच नाही हो!"

"मागायला कशाला हवा? पूर्वी कधी जोडलेलं असलं, की फोन ते बरोबर ओळखतो. हे बघा, या भिंतीपलीकडचंच असणार. सिग्नल एकदम फुल आहे."

तिनं स्क्रीन पाहिली आणि लेकीला घट्ट पोटाशी धरलं.



स्क्रीनवर नाव होतं 'राजाराणी', तिच्या नवऱ्यानं लग्नानंतर घरच्या वायफायला हौसेनं ठेवलेलं.