सहावा फर्मा

दातांच्या डॉक्टरने पुस्तक टेबलावर आपटलं आणि म्हणाला, ‘‘खून केला तर केला. कधीतरी करणारच होता तो.’’

पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर चाळीसएक वाचक दाटीवाटीने बसले होते. त्यातले निम्मे डॉक्टरवर तुटून पडले. वीस वर्षं ‘अडसर’ नावाचा नायक चित्रकथांमधून बंदूक आणि माणूस यांच्यामध्ये उभा राहत आला होता. गोळी त्याच्या छातीवर चपटी होऊन पडायची, पण त्याने कधी कुणावर हात उगारला नव्हता. आणि आता शेवटच्या भागात त्याने एका म्हाताऱ्या न्यायाधीशाला चौदा पानं ठोसे मारून संपवलं होतं. शेवटचं पान नुसतं लाल होतं.

कुणी म्हणालं, हाच खरा शेवट, आता कुठे अडसर शहाणा झाला. कुणी परत करायच्या प्रती पिशवीत भरूनच आणल्या होत्या. समोर खुर्चीवर लेखक बसला होता. तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

सभा चालवत होती ती बाइंडरची लेक. बाइंडर स्वतः मागच्या भिंतीशी उभा होता. पुस्तक त्यानेच बांधलं होतं, पण तो आला होता लेकीच्या काळजीने. अडसरचं वेड तिला त्यानेच लावलं होतं. ती लहान असताना प्रेसमधले वाया गेलेले कागद तो तिच्यासाठी घरी आणायचा. वर्गात कुणी कुणाला छळू लागलं की ती मध्ये जाऊन उभी राहायची. आता ती नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांसाठी निवारा चालवत होती, आणि कुणी नवरा तणतणत आला की तिथल्या दारातही तशीच उभी राहायची. शेवटचा भाग वाचल्यापासून आठवडाभर तिच्या घशाखाली नीट घास उतरला नव्हता. काल तिने राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. म्हणाली, ‘‘बाबा, मध्ये उभं राहून काही होत नाही. हे त्यालाही कळलं.’’

उद्या ती तो राजीनामा देणार होती.

मग एक शिक्षिका उठली. तिला एवढंच विचारायचं होतं, की अडसर नदीकाठी दचकून जागा होतो, घामाघूम झालेला असतो, हात धुतो आणि म्हणतो, अजून वेळ गेलेली नाही. हे सगळं खुनाच्या आधी कसं काय? जाग आधी येते की स्वप्न आधी पडतं?

बाइंडरने खिशातला चष्मा चाचपला.

पुस्तकाचे सहा फर्मे होते. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाची घडी, सोळा पानांची. चित्राला आकड्यांचा अडथळा नको म्हणून पानांवर क्रमांक टाकलेच नव्हते. अशा वेळी भरवसा काळ्या खुणांवर. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक खूण, आधीच्या खुणेपेक्षा जरा खाली. सहाही फर्मे ओळीने लागले की खुणांचा जिना सरळ उतरतो. एक जरी फर्मा मागेपुढे झाला की जिना मोडतो. बाइंडर पुस्तक वाचत नाही, जिना बघतो. पण त्या दिवशी त्याचा चष्मा दुरुस्तीला होता आणि प्रेसचा मालक डोक्यावर बसला होता. सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याने अंदाजाने फर्मे लावले, शिवून घेतले आणि कव्हरं चिकटवली. कव्हर बसलं की जिना झाकला जातो.

त्याने मनातल्या मनात शेवटचे दोन फर्मे बदलून पाहिले. आधी खून, मग जाग. म्हणजे खून हे नुसतं वाईट स्वप्न. सगळं कसं चपखल बसत होतं.

मालक पहिल्याच रांगेत होता. नोकरी जाणार हे उघड होतं, आणि या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करून घेणार? तरी लेकीकडे बघत तो पुढे आला.

‘‘चूक माझी आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पाचव्याच्या जागी मी सहावा फर्मा लावला, सहाव्याच्या जागी पाचवा. त्याने खून केलेला नाही.’’

सगळ्या माना लेखकाकडे वळल्या. लेखकाने टोपण लावलं. भरलेल्या पिशव्यांकडे पाहिलं, मग बाइंडरकडे.

‘‘मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘पण कष्टाच्या माणसाच्या पोटावर पाय कशाला आणायचा, म्हणून गप्प राहिलो.’’

टाळ्यांनी माडी दणाणली. दातांचा डॉक्टर तेवढा हिरमुसला. चुकीच्या प्रती उघडत बसू नका, सरळ लगद्यात घाला, आपण नव्या छापू, असंही लेखकाने मोठ्या मनाने सांगितलं. मालकाने दाराशीच बाइंडरकडून प्रेसची किल्ली मागून घेतली.

घरी आल्यावर लेकीने राजीनाम्याचे तुकडे केले आणि पोटभर जेवली. समोर बसून बाइंडर तिला जेवताना बघत राहिला. नोकरी गेल्याचं दुःख होतं, पण ते उद्यावर ढकलता येण्यासारखं होतं.

सकाळी तिने आपली प्रत त्याच्यापुढे ठेवली.

‘‘ही लगद्यात नाही घालायची, बाबा. तुम्ही नीट लावून द्या.’’

लहानपणी बसायची तशी ती टेबलावर कोपरं टेकून बसली. बाइंडरने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. कव्हर वाफेवर सैल करून हलक्या हाताने सोलून काढलं आणि पुस्तकाची पाठ खिडकीच्या उजेडात धरली. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत त्याने बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं.

‘‘जिना कुठे मोडलाय?’’ तिने हात पुढे केला. मोडलेली पायरी शोधायचा मान पूर्वी तिचाच असायचा.

त्याने पुस्तकाची पाठ स्वतःकडे वळवून घेतली. ‘‘शेवटी,’’ तो म्हणाला. मग त्याने दोरा कापला, पाचवा आणि सहावा फर्मा सोडवून घेतला, आणि वरपासून खालपर्यंत सरळ उतरलेला जिना आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम मोडला.