सगळ्यांच्या खाली

"नको नेऊ." एवढे दोनच शब्द तेजस्विनीनं टाइप केले आणि तिचा हात थांबला. शब्द प्राचीच्या पत्राच्या वर पडले होते. अगदी डोक्यावर.

"वहिनी, उरका. लाइट जायची वेळ झाली," काउंटरवरून गोरख म्हणाला. आळेफाट्यावर त्याचा सायबर कॅफे होता. लाइट गेली की लिहिलेलं सगळं पाण्यात.

दारातल्या स्टुलावर साळुबाई बसली होती, तेजस्विनीची सासू. तिच्या मांडीवर नातू समर्थ पेंगत होता. बाहेर नाशिकची एसटी भोंगा वाजवत वळली. समर्थची पापणीही हलली नाही.

प्राची मंचरजवळच्या पेठची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. ऐकू न येणाऱ्या लेकरांच्या आईबापांचा इंटरनेटवर एक गट होता. एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांना मिळायचं. पुण्यातले एक निवृत्त मास्तर तो चालवायचे. प्राचीचं पत्र इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत होतं आणि चांगलंच लांब. लेक सानिका कशी झाली, ताट पडलं तरी कशी दचकली नाही, जावा काय बोलतात, सगळं. शेवटी लिहिलं होतं : तेजस्विनीताई, तुमच्या समर्थचं वाचलं म्हणून तुम्हालाच विचारते. मढ गावाकडं एक जण कानात औषध सोडतो. सासरे येत्या रविवारी न्यायचं म्हणतात. नेऊ का? मी शनिवारी मंचरला जाऊन उत्तर बघीन.

औषध सोडणारा तो माणूस तेजस्विनीला माहीत होता. समर्थला आधी थोडं तरी ऐकू यायचं. एसटीच्या भोंग्याला तो मान वळवायचा, हसायचा. साळुबाईनं त्याला मायेनंच तिकडं नेलं होतं. महिनाभर कान वाहत राहिले. मग वाहायचे थांबले, आणि भोंगाही थांबला.

"काय गं, काय म्हणती ती पोरगी?" साळुबाईनं विचारलं.

तेजस्विनीनं सांगितलं. साळुबाई बराच वेळ समर्थच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"लिव्ह तिला," ती म्हणाली. "म्हणावं, माझी सासू अडाणी व्हती. तू तरी शानी हो. पोरीला घेऊन माहेरी पळ, पण नेऊ नको."

हे सगळं लिहायचं होतं. पण लिहायचं कुठं?

उत्तर द्यायचं बटण दाबलं की समोरच्याचं अख्खं पत्र आपल्या कागदावर आपोआप उतरायचं. मागच्या महिन्यात तेजस्विनीनं अशाच एका पत्राच्या वर आपलं उत्तर लिहिलं होतं. मास्तरांनी सगळ्यांच्या देखत झाडलं. "बाई, उत्तर नेहमी खाली लिहावे. आधी समोरच्याचे बोलणे, मग आपले. वर लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालणे. आणि समोरच्याचे पत्र छाटून, लागेल तेवढेच ठेवावे." कुणी तरी त्याच्याखाली हसण्याची खूण टाकली होती. तेजस्विनी दोन दिवस जेवली नव्हती धड.

खरं तर तिला ते पटलंही होतं. लग्न होऊन आल्यापासून ती तेच करत आली होती. पंगत उठली की जेवायचं. मोठ्यांचं संपलं की बोलायचं. गटावरही तसंच, सगळ्यांच्या खाली.

तिनं वरचे दोन शब्द पुसले. माउसचं चाक फिरवत फिरवत पार खाली गेली. प्राचीचं पत्र छाटायला हवं होतं. तिनं एक ओळ निवडली, ताट पडल्याची. तिच्यानं पुसवेना. बाईचं रडणं कुठून तोडायचं? एकेक ओळ तिनं जपून तशीच ठेवली आणि सगळ्यात शेवटी, प्राचीच्या नावाच्याही खाली, लिहायला सुरुवात केली. समर्थच्या भोंग्याचं लिहिलं. वाहणाऱ्या कानांचं लिहिलं. साळुबाईचं बोलणं जसंच्या तसं घातलं. पुण्याच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. बटण दाबलं आणि लाइट गेली.

"गेलं का हो, भाऊ?"

"गेलं, गेलं. तुमचं नशीब, वहिनी."

बाहेर आल्यावर साळुबाईनं उसाच्या रसाच्या गाड्यावर समर्थला रस पाजला. स्वतः नाही घेतला. "एक पोरगी वाचली," एवढंच म्हणाली. कितीतरी दिवसांनी सासूचा चेहरा असा निवलेला तेजस्विनीनं पाहिला.

मंगळवारी ती पुन्हा कॅफेत आली. मास्तरांची पाठ थोपटणारी एक ओळ होती : "आता जमले. उत्तर योग्य जागी." ती वाचून तिला हसूच आलं. तिच्याखाली प्राचीचं नवीन पत्र होतं. तिनं साळुबाईला आत बोलावलं. "या आत्याबाई, वाचून दाखवते."

आणि ती मोठ्यानं वाचू लागली.

"ताई, रविवारी नेलं. सानिकाच्या दोन्ही कानांतून रक्त येतंय. तुमच्यावर राग नाय. पण शनिवारी मंचरला पत्रात तुमचं नाव दिसलं तवा लई आधार वाटला. उघडलं तर माझंच पत्र, पहिल्या ओळीपासून जसंच्या तसं माघारी आलेलं. मी बंद केलं आणि घरी आले. म्हटलं, ताईंनाबी काय सांगायचं नाय. एक शब्द तरी लिहायचा व्हता."